क्लिक घटले, त्याचा दोष लिहिणाऱ्या बाईवर नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एआयमुळे डिजिटल मार्केटिंगचे दिवस संपले, अशा आशयाचं एका वडिलांचं पत्र आपल्या अंकात वाचलं. मुलीला या क्षेत्रात घालायचा विचार त्यांनी सोडून दिलाय. मी २०११ पासून याच कामात आहे. राजारामपुरीतल्या एका लहान ऑफिसात सुरुवात केली, मूल झाल्यावर घरून काम घेतलं, आता कोल्हापूर आणि आसपासच्या व्यापाऱ्यांची कामं स्वतंत्रपणे बघते. त्या वडिलांची काळजी खरी आहे, पण बोट चुकीच्या ठिकाणी ठेवलं गेलंय असं मला वाटतं, म्हणून लिहिते.

मी लागले त्याच वर्षी फेब्रुवारीत गूगलने शोधनिकालांच्या क्रमवारीत पांडा नावाचा बदल आणला आणि एकच शब्द पानभर कोंबून लिहिलेले पोकळ लेख खाली गेले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पेंग्विन आला, क्रमवारीत वर येण्यासाठी घेतलेल्या विकतच्या लिंकांचा धंदा बसला. दोन्ही वेळा 'एसईओ संपलं', म्हणजे वेबसाइट गूगलवर वर आणायचं काम संपलं, अशी बोंब झाली. पण तेव्हा गिऱ्हाईक कुणाच्या ना कुणाच्या वेबसाइटवर येतच होतं. या वेळी तसं नाही. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगलवर शोधलं की वरच एआयने तयार केलेला सारांश दिसू लागला. माणूस तिथेच वाचतो आणि निघून जातो. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने तिथल्या लोकांचे मार्च २०२५ मधले शोध तपासले. सारांश दिसला तिथे खालच्या निकालांवर ८ टक्के वेळा क्लिक झालं, सारांश नव्हता तिथे १५ टक्के वेळा. सारांशातल्या लिंकवर क्लिक झालं ते अवघं १ टक्का वेळा.

आपल्याकडे याचा फटका आधी कुणाला बसला, तर वेबसाइटचा मजकूर घरून लिहिणाऱ्या बायकांना. सर्च कन्सोल, म्हणजे वेबसाइटच्या मालकाला शोधाचे आकडे दाखवणारं गूगलचं साधन, उघडलं तर वेबसाइट किती वेळा दिसली तो आकडा जिथल्या तिथे असतो, कधी वाढलेलाही असतो. क्लिक तेवढे खाली आलेले असतात. मालक महिनाअखेरीच्या रिपोर्टमध्ये फक्त क्लिक बघतो आणि म्हणतो, तुमच्याच्यानं काम होईना. इचलकरंजीच्या माझ्या एका मैत्रिणीचं काम एका एजन्सीने याच कारणासाठी काढून घेतलं. काही महिन्यांनी त्याच एजन्सीने तिला परत बोलावलं, पण लिहायला नव्हे, मशीनने लिहिलेलं तपासायला. दर आधीच्या निम्म्याहून कमी. तपासणं म्हणजे नुसती नजर फिरवणं, असं देणाऱ्याला वाटतं. प्रत्येक वाक्य खरं आहे का, हे विचारत फिरायला स्वतः लिहिण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

गेल्या हंगामातलं सांगते. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळाच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे आलं. मालकांच्या मुलाने मजकूर एआयकडून आधीच लिहून घेतला होता: शतकांची परंपरा, मातीचा सुगंध, शंभर टक्के रसायनमुक्त. मालकांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "चुना तर घालावाच लागतोय की जरासा. असं कसं लिवायचं?" मग मी चुलवाणाशी जाऊन उभी राहिले. खाली चिपाडाचा जाळ, काहिलीत रस उकळतोय, भेंडीचं पाणी घातलं की मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढत राहायची. काहील उतरायची वेळ कशी कळते, असं मी गुळव्यांना विचारलं. त्यांनी पाक पाण्यात टाकला, बोटांनी त्याची गोळी वळली आणि माझ्या हातावर ठेवली. "घड्याळावर काहील उतरत न्हाई, ताई. गोळी धरली की उतरायची." गूळ पिवळाधमक का नाही, हा गिऱ्हाइकांचा नेहमीचा प्रश्न. पिवळेपणासाठी काही जण हायड्रॉस नावाचं रंग उजळवणारं रसायन घालतात, आम्ही घालत नाही, म्हणून ढेप तांबूस दिसते, हे मालकांनी सरळ सांगितलं. चुन्यासकट सगळं आहे तसं मी लिहिलं. वेबसाइटवर येणारे फारसे वाढले नाहीत, पण पुण्या-मुंबईहून फोन यायला लागले. लोक विचारत होते, "भेंडीवाला गूळ तुमचाच का?"

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी बाहेरचा गूळ कोल्हापुरी म्हणून खपवतात, ही तक्रार आपल्याच पानांवर दरवर्षी येते. ओळखायचं कसं, हे कुणी लिहूनच ठेवलं नसेल तर एआय तरी कुठून सांगणार? ते आधी लिहिलेलंच गोळा करतं. आणि मशीनकडून शेकड्यांनी पानं काढून घेण्याचा मार्गही धोक्याचा आहे. असा घाऊक मजकूर गूगलने मार्च २०२४ मध्ये स्पॅमच्या नियमांत घातला, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने.

म्हणून उद्यमनगरपासून गुजरीपर्यंतच्या सगळ्या व्यापारी मंडळींना विनंती आहे. काम देताना करारात क्लिकचा आकडा धरू नका. फोन किती आले, चौकश्या किती झाल्या, गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवरून दुकानाचा रस्ता किती जणांनी बघितला, हे धरा. सर्च कन्सोलचा ताबा स्वतःकडे ठेवा आणि दिसणं व क्लिक हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. लिहिणाऱ्या बाईला शब्दावर पैसे देऊ नका, दिवसावर द्या, कारण गुऱ्हाळावर किंवा फाउंड्रीत जाऊन विचारण्यातच तिचा दिवस जातो आणि तेच काम आता उरलंय. एआय मीही रोज वापरते. तक्ते, भाषांतरं, मथळ्यांचे पर्याय यांत वेळ वाचतो. तो वाचलेला वेळ अशा फिरण्यावर खर्च करायला मिळाला पाहिजे, एवढंच मागणं आहे.

आणि त्या वडिलांना सांगायचंय, मुलीला अडवू नका. क्लास निवडताना मात्र तिथे नुसती टूल्स शिकवतात, की मुलांना हुपरीच्या चांदी कारागिरांकडे, मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्याला घेऊनही जातात, एवढं विचारा. तसा क्लास सापडला नाही तर येत्या हंगामात तिला माझ्याबरोबर पाठवा. माझं नाव आणि फोन नंबर संपादकांकडे दिला आहे.

– एक वाचक, कोल्हापूर