आजोबांचं पार्कर परत पाठवतेय

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आजोबांचं पार्कर ५१ चालू झालं. हे पत्र त्यानेच लिहितेय. ते बिघडलेलं नव्हतंच, आत शाई सुकून तुंबलं होतं. इथला एक दुरुस्तीवाला न उघडताच 'रबर बदलावं लागेल' म्हणाला. पण यात रबर नाहीच! १९४८पासून पार्करने या मॉडेलमध्ये पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घातली. ती जुन्या रबरासारखी कुजत नाही. आपल्या पेनातली अजून लवचिक आहे.

मागचा भाग फिरवून काढला, टोक गार पाण्यात धरलं आणि आतली धातूची पट्टी दाबत-सोडत राहिले. आधी काहीच नाही, मग निळं पाणी सुटायला लागलं. निबवरच्या झाकणाखाली शाई धरून ठेवणाऱ्या बारीक खाचा असतात, खरी घाण तिथे बसते. म्हणून रात्रभर टोक पाण्यात भिजत ठेवलं आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा तेच. शेवटी टोक खाली करून जुन्या सुती कापडात उभं ठेवलं, उरलेलं पाणी कापडाने ओढून घेतलं.

आई, हे तुझ्यासाठी. पेन कितीही मळकट दिसलं तरी त्याला स्पिरिट लावायचं नाही, गरम पाणीही नाही. स्पिरिटने ते प्लास्टिक तडकतं. तुझा हात चटकन त्या बाटलीकडे जातो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

बाबा, शाई भरताना नुसतं निबचं टोक बुडवू नका, पुढचा निमुळता भाग चांगला आत जाऊ द्या. पट्टी सहा वेळा दाबा, प्रत्येक वेळी सोडून जरा थांबा. आत एक बारीक नळी वरपर्यंत गेलेली आहे. दाबलं की तिच्यातून हवा बाहेर जाते, सोडलं की शाई वर चढून पिशवीत सांडते. एकदाच दाबून ती भरत नाही, ती याचमुळे. मग टोक पुसून घ्या.

सोबत साध्या निळ्या शाईची दौत आहे. कपाटातली चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई यात चुकूनही घालू नका, ती आत दगडासारखी बसते. तुमची कॅमलची निळी चालेल. गंमत म्हणजे कॅमलवाल्या दांडेकरांनी मुंबईत शाईच्या पुड्या-गोळ्यांचा धंदा १९३१ साली सुरू केला आणि पार्करची क्विंक शाईही त्याच साली आली, त्यामुळे आजोबांच्या पेनात तुमची शाई घालायला माझी हरकत नाही.

एवढा खटाटोप केला तो तुमच्या बोटांसाठी. बॉलपेन दाबून लिहावं लागतं आणि पानभर लिहिलं की तुमचा अंगठा दुखतो. हे नुसतं कागदावर टेकवलं तरी शाई उतरते. हात थरथरला तर अक्षर थोडं वाकडं येईल, येऊ द्या. मात्र रोज चार ओळी तरी लिहा, नाहीतर पुन्हा सुकेल. फार दिवस लिहायचं नसेल तर शाई दौतीत ओतू नका, बेसिनमध्ये टाका आणि पेन धुऊन ठेवा.

टोपणावरचा पोचा मी काढून घेतला नाही. दुरुस्तीवाला काढून देतो म्हणत होता, पण तो आजोबांच्या हातून पडलेला आहे ना? राहू दे. पार्सल आलं की फोन करा, आणि दौतीचं झाकण आधी सिंकवर धरून उघडा.

तुमची,
मनू