हवालदारसाहेब, तुम्ही अण्णांना विचारलंत

सादर नमस्कार.

मेडलं नव्या रिबिनींवर चढली, पैसे चुकते झाले, तेव्हा तुमच्या लेखी काम संपलं असेल. तुमच्या दुकानात रोज जवान येतात, फीत लावून घेतात, जातात. त्यात आम्ही बापलेक तुम्हाला आठवणारही नाही. तरी लिहिते.

अण्णांना हल्ली कमी ऐकू येतं आणि शब्द सापडायला वेळ लागतो. त्यामुळे बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे लोक माझ्याकडे बघून बोलतात. "यांना सही येते का?" अण्णा शेजारीच उभे असतात. तुमच्याकडेही मी सवयीनं पुढं झाले. तुम्ही काउंटरमागून बाहेर आलात, अण्णांना खुर्ची दिलीत आणि त्यांच्या कानाशी वाकून विचारलंत, "साहेब, कंपनी कुठली?"

आणि थांबलात. मी उत्तर द्यायला गेले तर हातानंच मला गप्प केलंत. मागं गिऱ्हाईक खोळंबलं होतं, पण तुम्ही घड्याळाकडे पाहिलं नाही. शेवटी अण्णा म्हणाले, "चार्ली." खणखणीत आवाजात, पलटणीतल्या आपल्या तुकडीचं नाव. मग जमालपूरही निघालं.

याआधीचंही सांगते, राग अजून गेलेला नाही. अण्णांचं एकाहत्तरच्या युद्धातलं मेडल, 'पूर्वी स्टार', एका सराफानं मशीनवर घासून असा चकचकीत करून दिला की मागचं नाव पुसट झालं. विजय दिवसाच्या एका सत्काराला आम्ही गेलो, तर संयोजकांनी विचारलं, "वीरचक्र वगैरे आहे का? हे तर हजेरीचं मेडल, सगळ्यांनाच मिळतं." अण्णांना मागच्या रांगेत बसवलं. पुढं कोणाकोणाचे भाचे-पुतणे होते.

हजेरीचंच आहे, मान्य. पण ती लागली कुठं? डिसेंबर १९७१ मध्ये, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला ब्रह्मपुत्रेकाठी पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण ठाण मांडून बसली होती. आपले ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शरण येण्यासाठी चिठ्ठी पाठवली, तेव्हा बलुचांचे कर्नल सुलतान अहमद यांनी कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून उत्तर धाडलं. १० तारखेच्या रात्री ते दक्षिणेकडे फुटून निघायला बघत होते आणि त्या रस्त्यावर आपली जंगी पलटण, पहिली मराठा, मोर्चे खणून बसली होती. त्यातल्या एका खड्ड्यात अण्णा होते, मिसरूड नुकतंच फुटलेले. सकाळपर्यंत जमालपूर पडलं. पुढं टांगाईलकडे, पुंगलीच्या पुलापाशी छत्रीधारी पलटणीला जाऊन मिळाले आणि १६ तारखेला ढाका. त्या रात्री खड्ड्यात हजर राहणं एवढंच त्यांचं काम होतं. ते त्यांनी केलं. वीरचक्र मिळालेल्यांविषयी अण्णांच्या तोंडून मी कधी वावगा शब्द ऐकलेला नाही, पण त्यांच्या दोन्ही बाजूंना जे होते त्यांची नावं कुठल्याच व्यासपीठावर घेतली जात नाहीत.

पलटणीतून सुटल्यावर अण्णांनी साखर कारखान्याच्या गेटवर चौकीदारी केली. मेडलं तंबाखूच्या डब्यात असायची, शाळेच्या झेंडावंदनापुरती बाहेर निघायची. मला लहानपणी त्या मेडलांची लाज वाटायची असं नाही, पण कौतुकही नव्हतं. ती घरात होती, इतकंच.

तुम्ही 'पूर्वी स्टार' पहिला घेतलात, मग संग्राम मेडल, मग सैन्य सेवा मेडल, शेवटी नऊ वर्षांच्या नोकरीचं. आधी कोणीतरी उलटेच टाचले होते. मला वाटलं होतं, शोभेचा प्रश्न आहे. "छातीच्या मधल्या बाजूला मोठा मान," एवढंच बोललात आणि पुसट झालेलं नाव भिंगाखाली धरून अण्णांना स्वतःला वाचायला लावलंत. पुढं पॉलिश करू नका, मऊ कापडानं नुसतं पुसा, हेही त्यांनाच सांगितलंत. ते आता मला पीतांबरी जवळसुद्धा आणू देत नाहीत.

चांगुलपणाला पैसा लागत नाही म्हणतात, पण वेळ लागतो, आणि गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना तो देणारी माणसं मला फार भेटली नाहीत.

पुढच्या महिन्यात आमच्या गावची जत्रा आहे. अण्णांचा निरोप आहे की मटण त्यांच्या देखरेखीखाली शिजेल. आणि तुमची पलटण कुठली, हे विचारायचं राहून गेलं म्हणून ते रोज माझ्यावर चिडतात. तेवढं येताना सांगा. पहिली मराठा नसेल तर वाद घालायच्या तयारीनंच या.

आपली,
चार्ली कंपनीच्या अण्णांची थोरली