रॅली संपल्यावर गाडी कोण चालवणार?

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मध्येच कट झाला. आईला मी रेंज गेली असं सांगितलंय. तू रॅलीत नाव दिलंस याचा मला राग नाही. मी एवढंच विचारलं होतं की रात्रभर डोंगरात फिरून झाल्यावर पहाटे तिकडे फ्रान्समध्ये ग्रनोबलपर्यंत गाडी कोण आणणार. त्यावर तू म्हणालीस, ‘बाबा, मी आता लहान आहे का?’ आणि मग जे व्हायचं ते झालं. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलो. तो विषय यात काढणार नाही.

गाडीचे फोटो मोठे करकरून पाहिले. प्यूजो २०५, ‘रॅली’ मॉडेल, १.३, पांढरी, लोखंडी रिमवाली! गॅरेजमध्ये पोरांना दाखवली तर म्हणतात, काका, ही तर साधी जुनी हॅचबॅक. त्यांना काय कळणार? १२९४ सीसी, दोन वेबर कार्ब्युरेटर, १०३ घोड्यांची ताकद आणि वजन आठशे किलोच्या आत. आणि इंजिन आपल्याला परकं नाही हं. मारुतीच्या झेन डिझेलचं बॉनेट उघडलं की १५२७ सीसीचं जे प्यूजोचं टीयूडी इंजिन दिसायचं, ते याच घराण्यातलं. डॉक्टरांची निळी प्यूजो ३०९ आठवते? कल्याणला बनायची ती. मला प्यूजोचं वेड त्याच्याही आधीचं. लोक महिंद्राच्या जीपला अमेरिकन समजायचे, पण कित्येक जीपमध्ये ओढायचं काम करायचं ते प्यूजोचं एक्सडीपी ४.९० डिझेल. त्या इंजिनावर मी हात काळे केले आणि त्यावर तुमच्या दोघांच्या फिया भरल्या. त्यामुळे माझ्या मुलीच्या दारात २०५ उभी आहे हे मी इथे किती जणांना सांगितलंय ते विचारू नकोस.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनावरच लावायची. दोन्ही कार्ब्युरेटर सारखे ओढतायत ना, ते बघायचं. आणि गाडी चालवणाऱ्या तुझ्या त्या मित्राला सांग, भर वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा नाही. काढला की हिचं बूड बाहेर सरकतं. कोरड्या रस्त्यावर त्यात मजा आहे, बर्फावर नाही. त्याला हे माहीत असेलच, तो तिथलाच. पण माहीत असलेलं पहाटे चार वाजता आठवतं का, हा माझा प्रश्न आहे. आलो बघ तिथेच.

ही वेगाची रॅली नाही, हे मी ऐकलं. रेग्युलॅरिटी. ठरवून दिलेली सरासरी पाळायची, तीही ताशी पन्नासच्या आत, रस्ता रहदारीला खुला, एक सेकंद लवकर आलात तरी दंड, उशिरा आलात तरी दंड. म्हणजे खरं काम नॅव्हिगेटरचं, शेजारी बसून वेळ-अंतराचा हिशेब ठेवणाऱ्याचं, म्हणजे तुझं. म्हणून तर म्हणतो. १९८५ची माँटे कार्लो रॅली बघ. अरी वॅतानेन २०५ टर्बो १६ घेऊन पुढे होता. गापच्या कंट्रोलवर, म्हणजे वेळ नोंदवायच्या नाक्यावर, त्याचा नॅव्हिगेटर टेरी हॅरीमनने चार मिनिटं आधी कार्ड दिलं आणि आठ मिनिटांचा दंड बसला. वॅतानेनने वाल्टर रोर्लच्या ऑडी क्वात्रोला गाठून रॅली जिंकली, जग त्याचंच नाव घेतं. मला मात्र हॅरीमन दिसतो. एवढा मुरलेला माणूस! तो पेंगत होता असं मी म्हणत नाही. पण जागरणात सगळ्यात आधी हिशेब जातो, हात-पाय नंतर. आणि आपला हिशेब गेलाय हे आपल्याला कळत नाही. भाऊकाकाचं तुला सांगायला नको. गाडी ठणठणीत, कसारा उतरून झालेला, रस्ता मोकळा. पहाटेचे साडेचार.

बर्फाची मला तेवढी धास्ती नाही. सिस्तरोनच्या त्या टप्प्यात खाली कोरडं डांबर, वर फाँबेलच्या खिंडीत बर्फ, पलीकडे उतरताना पुन्हा कोरडं, कुठलाही टायर घातला तरी कुठेतरी चुकतोच. पण बर्फ समोर दिसतो, माणूस सावध होतो. झोप दिसत नाही. मध्येच डोळा लागायला लागला तर नुसतं ‘जागा राहा’ म्हणून काही होत नाही. गाडी बाजूला घ्यायची, चावी काढायची, झोपायचं. कॉफी नाही, खिडकी उघडणं नाही, गाणी नाहीत. झालं माझं भाषण. माफ कर.

तू नॅव्हिगेटर होणार हे मला जव्हारच्या रस्त्यालाच कळायला हवं होतं. टॉर्च दातात धरून मैलाचे दगड वाचायचीस, आईचं घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरायचं, आणि वहीत आकडे मांडून मला सांगायचीस, ‘बाबा, हळू, आपण चाळीसच्या वर गेलो.’ टॉर्चला लाळ लागते म्हणून दादा चिडायचा. ती वही आहे अजून. मोखाड्याच्या पानावर तुझा भागाकार चुकलाय, बाकी सगळा बरोबर.

फ्रेंच रॅली ड्रायव्हर मिशेल मूताँ ग्रासची. तीही आधी नॅव्हिगेटरच होती. तिचे वडील म्हणाले, बसायचंच तर स्टिअरिंगवर बस. आल्पिन ए११० गाडी घेऊन दिली, एक वर्षाचा खर्च उचलला. १९८१ला सानरेमो रॅली जिंकली, शेजारी फाब्रित्सिया पोन्स, दोघी बायकाच. जागतिक रॅली मालिकेतली फेरी जिंकणारी दुसरी बाई अजून व्हायचीय. पुढच्या वर्षी आयव्हरी कोस्टची रॅली निघायच्या तोंडावरच तिचे वडील गेले. तिची आई म्हणाली, तू चालव. ती निघाली. हे मी आपल्या आईला सांगायला गेलो, तर म्हणाली, ‘तुम्ही आधी शुगर तपासून या.’ तपासली, ठीक आहे.

आल्पिन घेऊन द्यायची माझी ऐपत नाही. पण कार्ब्युरेटर काढून साफ करायचा असेल तर व्हिडिओ कॉल लाव, कधीही. अपरात्री लावलास तरी मी जागाच असतो. माझं चालतं, मी कुठे घाट उतरतोय?

रॅलीच्या दिवशी दर कंट्रोलला मेसेज टाक असं म्हणणार नाही, तुझं लक्ष जाईल. शेवटच्या कंट्रोलला टाक.

तुझे,
बाबा

ता. क. शेवट होतो त्या गावात हॉटेल घेतलंय का? नसेल तर घे, दोन खोल्या लागत असतील तर दोन घे. पैसे मी दादाकडून पाठवतो. आईला आकडा सांगू नकोस.