जाहिरात शिकतो, पण मराठी अक्षर शिकत नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मी पुण्यात उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे, घरचे अजून कमर्शियलच म्हणतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पेठेतल्या एका छोट्या जाहिरात स्टुडिओत दोन महिने इंटर्नशिप केली. माणसं चार, कॉम्प्युटर तीन, खाली झेरॉक्सचं दुकान. तिथे जे दिसलं ते लिहितेय कारण ते माझ्या एकटीचं नाहीये, वर्गातले बाकीचे पण हेच बोलतात.

पहिल्याच दिवशी सरांनी एका दवाखान्याच्या पाटीचं काम दिलं. अशी कामं त्यांच्याकडे भरपूर येतात, कारण 2022 मध्ये दुकानांच्या कायद्यात बदल झाला आणि मराठी नाव दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालणार नाही असं ठरलं, मग सप्टेंबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हापासून जुन्या पाट्या बदलायला जे लोक येतायत ते अजून येतायत. मी इलस्ट्रेटर हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं, युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी लिहितो त्याच पद्धतीने, ‘क्लिनिक’ टाइप केलं आणि स्क्रीनवर क चा पाय मोडलेला, ल वेगळा, वेलांटी भलतीकडेच. मला वाटलं फॉन्ट खराब आहे म्हणून मी एकामागून एक सहा फॉन्ट बदलले. सर मागून आले, प्रेफरन्सेसमध्ये जाऊन इंडिक ऑप्शन्स चालू केले, पॅराग्राफच्या मेनूत साऊथ एशियन कंपोजर निवडला, आणि अक्षरं जागेवर बसली. अर्धं मिनिट लागलं असेल. इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि हेल्वेटिका हा इंग्रजी फॉन्ट 1957 चा, स्वित्झर्लंडचा, हे मात्र मी परीक्षेत दोनदा लिहिलंय.

रस्त्याने जाताना फुटलेली जोडाक्षरं दिसली की आपण म्हणतो फ्लेक्सवाल्याला मराठी येत नाही. त्याला मराठी येतं हो, त्याला हे बटण माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असायला पाहिजे त्या आम्हालाही ते कॉलेजात दाखवत नाहीत.

दुसरं म्हणजे ल आणि श. एका लग्नपत्रिकेचं प्रूफ घेऊन नवऱ्यामुलाची आजी आली आणि म्हणाली हा ल आपला नाही, हिंदीचा आहे. तिचं बरोबर होतं. आपला ल पाकळीचा आणि श देठाचा, राज्य सरकारने 2009 मध्ये वर्णमालेचा जीआर काढला त्यातही हेच दिलंय. बऱ्याच फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, पण भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं, नाहीतर ते हिंदीचं रूप उचलतं. आजीला नुसत्या डोळ्यांनी जे दिसलं ते मला दिसलं नाही याचं मला फार वाईट वाटलं.

आणि माझ्या हातून झालेली चूक पण सांगते. एका क्लासची पेपरातली जाहिरात होती, मी गडद मरून पट्टीवर पांढऱ्या बारीक अक्षरांत ‘सुवर्णसंधी’ टाकलं, स्क्रीनवर छान दिसत होतं. सकाळी पेपर आला तर अनुस्वार शाईने भरून गेलेला, ‘सुवर्णसधी’. क्लासवाल्यांचा आठ वाजता फोन. सरांनी माझं नावही घेतलं नाही, चूक आमची आहे म्हणाले आणि पुढच्या रविवारी तीच जाहिरात स्वतःच्या खर्चाने परत दिली. नंतर मला घेऊन बसले आणि पेन्सिलने काढून समजावलं, की न्यूजप्रिंट, म्हणजे पेपरचा कागद, शाई पितो, ठिपका पसरतो, चार रंगांच्या चार प्लेटा वेगात एकावर एक तंतोतंत बसत नाहीत, म्हणून बारीक मजकूर फक्त काळ्याच्या एका प्लेटवर ठेवायचा, आणि गडद रंगातून पांढरं अक्षर काढायचंच असेल तर जाड फॉन्ट आणि मोठा पॉइंट, म्हणजे अक्षराचा आकार मोठा. मराठीत वरती अनुस्वार, मात्रा, रफार आणि खाली उकार, त्यामुळे इंग्रजीला पुरतं तेवढं आपल्याला पुरत नाही, दोन ओळींत जागाही जास्त सोडावी लागते.

हे शिकताना मला स्टुडिओकडून महिना 5000 रुपये मिळाले, वर्गातल्या कित्येकांना तेही मिळाले नाहीत आणि ते मला चूक वाटतं, बसचे आणि जेवणाचे पैसे तरी द्यायला हवेत. पण माझा मुख्य मुद्दा पैशांचा नाही. माझा स्टुडिओ चांगला निघाला म्हणून मी शिकले. माझी मैत्रीण दुसरीकडे दोन महिने नुसती बॅकग्राउंड कापत बसली. दोघींना कॉलेजात सारखेच मार्क, कारण तिथे बघतात सर्टिफिकेट आणि वीस पानांचा इंग्रजी रिपोर्ट. छापून आलेलं काम कोणी मागितलंच नाही.

मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात कमर्शियल आर्टचा विभाग 1935 साली सुरू झाला. विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट करणारे आर. के. जोशी आधी जाहिरात एजन्सीत होते, मग पवईच्या आयआयटीत शिकवायला गेले. आज मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या स्टुडिओचे मुक्ता, बलू हे फॉन्ट फुकट मिळतात. म्हणजे माणसं आहेत, साधनं आहेत, पहिल्या वर्षाला आम्ही बोरूने अक्षरं गिरवतो सुद्धा, पण कॉम्प्युटर लॅबमध्ये शिरलो की सगळं इंग्रजी. एक सेमिस्टर देवनागरी मांडणीला द्या, त्यात दोन दिवस प्रेसवर न्या, आणि इंटर्नशिपचे मार्क छापलेल्या कामावर द्या, एवढीच विद्यापीठांकडे मागणी आहे.

तुम्हालाही एक विनंती आहे. तुमच्या जाहिरात विभागात रोज कितीतरी फाइली येतात, त्यातल्या अक्षरं फुटली म्हणून किती परत पाठवाव्या लागतात ते तुमच्याच लोकांना विचारा आणि जमलं तर छापा. आमच्या विभागप्रमुखांना ते कात्रण मी स्वतः नेऊन देईन.

आपली,
उपयोजित कलेची एक विद्यार्थिनी, पुणे