मनगट सुजलंय? एक्सरे बाजूनेही काढायला सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

आंब्याचा सीझन संपत आलाय, आता पाऊस लागला की पाखाड्या शेवाळणार आणि माणसं घसरून हातावर पडणार. आमच्याकडे पडलेल्याला एकच विचारतात, हाड मोडलं काय? नाही ना, मग लचकलंय, तेल लाव आणि कामाला लाग. पण हाड न मोडता जागेवरून सरकूही शकतं, आणि मनगटात असं झालेलं वेळेत कळलं नाही तर हात कायमचा अधू होतो.

माझा चुलतभाऊ कलमांवर आंबे काढायला जातो. फांदी मोडली आणि तो खाली आला तो सरळ तळव्यावर. दवाखान्यात समोरून एक एक्सरे काढला, फ्रॅक्चर नाही म्हणाले, क्रेप बँडेज आणि गोळ्या देऊन घरी पाठवलं. मग गावातल्या हाड बसवणाऱ्याकडे मालीश सुरू. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर पडलेली, रात्री उठून हात झटकत बसायचा, शर्टाचं बटण लावता येईना, आणि सगळे आपले म्हणतायत सूज आहे, उतरेल. शेवटी कोल्हापूरला नेला, तिथल्या डॉक्टरांनी हात करंगळीच्या बाजूवर उभा ठेवून बाजूने एक्सरे काढला तेव्हा दिसलं की लुनेट नावाचं हाड कलंडलेल्या कपासारखं तळहाताकडे पडलंय.

मनगटात आठ छोटी हाडं असतात, लुनेट त्यांच्या मधोमध. बाजूने काढलेल्या एक्सरेत कोपरापासून मनगटापर्यंतचं मोठं हाड, त्यावर लुनेट, त्यावर कॅपिटेट नावाचं हाड हे सगळं एका रेषेत दिसायला पाहिजे. समोरून काढलेल्या एक्सरेत हाडं एकमेकांवर येतात त्यामुळे घाईत हे सुटतं. १९९३ मध्ये हर्झबर्ग या परदेशातल्या हाडांच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लुनेटच्या आसपासची हाडं अशी सरकलेल्या १६६ केसेस तपासल्या, त्यात साधारण चारातली एक सुरुवातीला ओळखलीच गेली नव्हती, म्हणजे हे फक्त आमच्या कोकणातलं दुखणं नाही. बोटं बधिर का होतात तर सरकलेलं हाड मनगटातल्या मीडियन नसेवर दाब देतं. अशा वेळी मालीश म्हणजे दाबलेल्या नसेला अजून त्रास, कृपा करून करू नका.

लगेच कळलं तर भूल देऊन हात ताणून हाड जागेवर बसवतात आणि नसेवरचा दाब कमी होतो. पण नुसतं प्लास्टर बहुतेक वेळा पुरत नाही कारण हाडांना धरून ठेवणारे लिगामेंट फाटलेले असतात, ते ऑपरेशन करून शिवावे लागतात, बारीक तारा घालून हाडं साधारण दोन महिने धरून ठेवतात आणि मग फिजिओथेरपी. एवढं करूनही थोडा ताठरपणा राहतो, पकड थोडी कमी होते, हे आधीच माहीत असलेलं बरं. उशीर झाला की हाड बसवणंच अवघड होतं, फार जुनं झालं तर काही हाडं काढूनच टाकावी लागतात. माझ्या भावाचं ऑपरेशन झालं, बोटांना जाणीव आली, पण घळ, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, धरून वर बघत आंबा उतरवायची ताकद त्या हातात नाही, आणि ज्याचं पोट हातावर आहे त्याला हे केवढ्याला पडतं ते कोकणात सांगायला नको.

म्हणून लोकांना विनंती, माडावरून, गडग्यावरून, बाईकवरून, कुठूनही पडून मनगट सुजलं तर आधी अंगठ्या-बांगड्या काढा, फळी किंवा जाड पुठ्ठा लावून हात बांधा, उंच ठेवा आणि दवाखाना गाठा. तिथे समोरून आणि बाजूने दोन्ही एक्सरे मागा. फ्रॅक्चर नाही म्हटलं तरी बोटं बधिर असतील किंवा मूठ वळत नसेल तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

आणि आरोग्य खात्याला एवढंच सांगायचंय, प्रत्येक तालुक्याला हाडांचा डॉक्टर मिळणं कठीण आहे हे आम्हाला कळतं, पण मनगटाचे दोन्ही एक्सरे काढून ते मोबाईलवरून जिल्ह्याच्या हाडांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचे, एवढा नियम तरी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या ग्रामीण रुग्णालयांत पावसाआधी लावा.

आपला,
एक वाचक, राजापूर