मागील नालीला जाळी बसविणे व माझ्या कोंबड्यांविषयीची नोटीस

इंदूर, दि. 14 डिसेंबर 2025

प्रति,
मा. अध्यक्ष,
गृहनिर्माण सहकारी संस्था

महोदय,

माझ्या कोंबड्या पंधरा दिवसांत हलवाव्यात, ही संस्थेची 10 डिसेंबरची नोटीस मिळाली. क्रमांक 12 मधील गृहस्थांनी 8 तारखेला तक्रार दिली आणि ती दोन दिवसांत माझ्या दारी पोहोचली, या तत्परतेचे मला खरोखर कौतुक वाटले. मागच्या सामायिक नालीच्या तोंडाला जाळी बसवावी, असे पत्र मी 4 ऑगस्टला दिले होते. सप्टेंबरात स्मरणपत्र दिले आणि ऑक्टोबरच्या सभेत उभी राहून बोलले. त्या सभेच्या इतिवृत्तात 'नालीबाबत चर्चा झाली' एवढेच तीन शब्द उमटले आहेत. मी वाद घालणारी बाई नाही, हे आपण नऊ वर्षे पाहत आहात. म्हणूनच हे पत्र लिहायला मला 4 महिने लागले.

27 नोव्हेंबरच्या दुपारी त्याच उघड्या नालीतून मुंगूस माझ्या परसात शिरले. कोंबड्यांचे ओरडणे दोन तऱ्हांचे असते, हे पाळणाऱ्याला पहिल्या वर्षातच कळते. आकाशात शिक्रा दिसला तर एकच लांब किंकाळी उठते आणि सगळ्या झुडपाखाली दबून बसतात. जमिनीवरून मांजर किंवा मुंगूस आले तर माना ताठ करून थांबूनथांबून, न संपणारा कलकलाट करतात. त्या दिवशीचे ओरडणे या दुसऱ्या तऱ्हेचे होते आणि ते आक्काने सुरू केले होते. आक्का ही कळपातली थोरली. दाण्याला पहिली चोच तिची, रात्री खुराड्यातली वरची दांडी तिची, आणि एरवी ती विनाकारण आवाज करत नाही. मी वरच्या मजल्यावरून खाली येईपर्यंत सुंदरी गेली होती. त्याच वेळी क्रमांक 12 मधील गृहस्थांनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिले, 'आज दुपारी पुन्हा तोच गोंधळ.' भिंतीवरून एकदा डोकावले असते, तर गोंधळ कशाचा आहे ते त्यांना दिसले असते.

आता तक्रारीतील मुद्द्यांकडे वळते. कोंबड्या रोगट असून त्यांना झटके येतात, असे लिहून त्यांनी दोन छायाचित्रे जोडली आहेत. पहिल्या छायाचित्रात काळी नावाची माझी कोंबडी आहे. ही झाबुआची कडकनाथ असून, राखमिश्रित मातीत एका कुशीवर पडून, पाय झाडत, डोळे अर्धे मिटून ती धूळस्नान करीत आहे. पिसांतल्या उवा-गोचिडांवर कोंबडीचा हाच उपाय असतो आणि काळी तो रोज दुपारी, प्रेक्षक असोत वा नसोत, अर्धा तास करते. दुसऱ्या छायाचित्रात उघड्या मानेची ठमी आहे. दिवस लहान होऊ लागले की कोंबडी जुनी पिसे टाकून नवी धरते. सध्या तिच्या मानेवर सुयांसारखे कोंब आलेले कोणीही येऊन पाहावेत. याच काळात अंडीही जवळजवळ बंद होतात. डिसेंबरात इंदुरात उजेड पावणेअकरा तासांचा असतो आणि कोंबडीला भरपूर अंड्यांसाठी सुमारे चौदा तास लागतात. गेल्या आठवड्यात पाच कोंबड्यांनी मिळून दोन अंडी दिली. 'घरगुती धंदा चालतो' या आरोपातील धंदा एवढाच आहे.

बर्ड फ्लूचा उल्लेख त्यांनी केला, तो मी हलका मानत नाही. 2021च्या जानेवारीत आपल्याच शहरात मेलेल्या कावळ्यांत तो विषाणू आढळला होता. मात्र कावळ्यांत आढळला होता, हे वाक्य त्यांच्या पत्रात नाही. हेच गृहस्थ रोज सकाळी माझ्या भिंतीवर कावळ्यांसाठी पोळीचे तुकडे आणि शेव पसरतात, आणि उरलेले नालीच्या काठाला पडते. ओला-सुका कचरा वेगळा करून सकाळच्या गाडीत देणाऱ्या, 2017 पासून स्वच्छतेत पहिल्या येत असलेल्या या शहरात त्याला काय म्हणतात, ते मी सांगायला नको. त्या खरकट्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे मुंगूस येते. माझ्या घरच्या भाज्यांच्या साली मात्र आक्का आणि मंडळी संपवतात, खुराड्यातला भुसा आठवड्याला बदलला जातो, आणि त्याचे खत आपल्या बागेतल्या कढीपत्त्याला घातले जाते. कढीपत्ता सर्वच घरांत वापरला जातो.

आवाजाबाबत 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6 असे आहे, आणि माझ्या कोंबड्या दिवेलागणीलाच खुराड्यात जातात. ठमी अंडे घातल्यावर दहा मिनिटे साऱ्या गल्लीला वर्दी देते, हे मी मान्य करते. पण ती वेळ सकाळी नऊनंतरची असते. कोंबडा म्हणाल, तर पिल्ले घेताना ती सहाही मादीच असल्याचे सांगण्यात आले होते. सातवे भेट म्हणून मिळाले आणि ते चौथ्या महिन्यात आरवू लागले, याला माझा इलाज नव्हता. तो पहाटे साडेचारला आरवत असे, हे खरे आहे. त्याला मी काही आठवड्यांतच धारजवळच्या नातेवाइकांकडे पाठवले. क्रमांक 12 चे गृहस्थ त्या काही आठवड्यांना तीन महिने म्हणतात. त्यात लग्नाच्या हंगामाचा गोंगाटही होता, हे ते सोडून देतात.

क्रमांक 4 आणि 9 मधील वहिनींना, तसेच मागच्या रांगेतील दोन कुटुंबांना कोंबड्यांचा काही त्रास नाही. तसे त्यांनी मला तोंडी सांगितले आहे. शेजारधर्म म्हणून लेखी देण्यास त्या संकोचतात. आपल्याकडेही श्रावण संपल्यावर मी सहा अंडी पाठवली होती आणि डबा स्वच्छ धुऊन परत आला होता, याची केवळ आठवण करून देते.

नोटिशीत कळप पंधरा दिवसांत हलविण्यास सांगितले आहे. संस्थेच्या उपविधींत गुरे आणि घोडे यांना मनाई आहे. कोंबडी हा शब्द मी दोनदा वाचूनही सापडला नाही. समितीने आधी नालीला अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी बसवावी, दाणापाणी करणाऱ्यांनी ते स्वतःच्या दारासमोर करावे असे लेखी कळवावे, आणि त्यानंतर नोटिशीवर बोलावे. मी सभेस येईनच.

नालीचे तोंड नऊ इंच रुंद आहे, माप मी घेऊन ठेवले आहे. तूर्त तिथे माझा जुना पाटा उभा करून ठेवला आहे. त्यामुळे पाणी तुंबल्याची तक्रार क्रमांक 12 कडून लवकरच येईल. ती या पत्राला जोडून वाचावी, आणि जाळी बसताच पाटा मला परत करावा.

आपली,
रहिवासी, क्रमांक 11