‘अब दिख रहा है?’ असं विचारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

मी घेतलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमात शंकांना उत्तरं देणाऱ्या तुम्ही. आपली कधी भेट नाही. तुमचा आवाजही मी ऐकलेला नाही. तरी हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते लोकांना कळायला हवं. माझ्या वयाच्या बायकांना तर नक्कीच कळायला हवं.

मी पारनेर तालुक्यातली. बारावी कला शाखेतून झाले, कारण विज्ञान शाखेसाठी रोज तालुक्याला जावं लागलं असतं आणि मुलीला कोण पाठवणार? पुढे लग्न, शेती, मुलं. मुलं मार्गी लागल्यावर पुन्हा शिकायचं मनात आलं, तर एका कॉलेजच्या खिडकीतूनच प्रश्न आला, “या वयात कशाला हवंय हे तुम्हाला?” एका क्लासने ऑनलाइन शिकवतो म्हणून पैसे भरून घेतले आणि पहिली शंका विचारल्यावर फोन उचलणंच बंद केलं. त्यांचं वाईट चिंतत नाही, पण त्या दोघांनी माझी उमेद मारली होती, हे आज स्पष्ट सांगते.

मग भाचीने एनपीटीईएल दाखवलं, म्हणजे कॉलेजचे विषय ऑनलाइन शिकवणारं व्यासपीठ. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था (आयआयएससी) यांनी मिळून २००३ पासून चालवलेलं हे काम. नाव नोंदवायला पैसे नाहीत, वयाची अट नाही, मार्कशीट मागत नाहीत. प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क. मी भूविज्ञान निवडलं. घरचे म्हणाले, दगडधोंड्यांचं काय शिकायचं? पण आमच्याकडे सगळं आयुष्य दगडाखाली पाणी आहे की नाही यावरच चालतं.

माझा प्रश्न तुम्हाला आठवत असेल. आमच्या विहिरीला बऱ्यापैकी पाणी आहे, आणि दोन बांध पलीकडे ३०० फूट बोअर घेतली तर नुसती धूळ उडाली. असं का? हा प्रश्न मी पाणाड्याला विचारला होता, बोअरच्या गाडीवाल्यालाही विचारला होता. पाणाड्याने नशीब म्हटलं. गाडीवाल्याने आणखी १०० फूट खाली जाऊ म्हटलं, त्याचे पैसे फुटावर असतात. तुम्हाला मोडक्यातोडक्या हिंदीत लिहून पाठवला, तेव्हा उत्तराची फारशी आशा नव्हती.

तुमचं उत्तर आलं. सोबत वहीच्या कागदावर पेनाने काढलेली आकृती, तिचा फोटो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा एकदाच आला नाही, थरावर थर येत गेला आणि महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग आज त्याच खडकावर उभा आहे, हे तुम्ही त्यात समजावलं होतंत. मी कळवलं की माझ्या लहान मोबाईलवर अक्षरं वाचता येत नाहीत. कोणीही म्हटलं असतं की मोठं करून बघा. तुम्ही कागद आडवा धरून आकृती नव्याने काढलीत. अक्षरं ठळक, प्रत्येक थर वेगळा, दोन थरांमधली माती लाल पेन्सिलीने रंगवलेली. आणि खाली एकच ओळ, “अब दिख रहा है?”

मॅडम, ती ओळ वाचून मी चुलीजवळ बसून रडले. समोरच्या माणसाला दिसतंय की नाही याची काळजी शिकवणाऱ्याने केलेली मी पहिल्यांदा बघत होते.

आकृती समोर ठेवली आणि सगळं उलगडलं. प्रत्येक थराच्या माथ्यावर वायूच्या बुडबुड्यांची भोकं राहिलेली, तो भाग झिजून मऊ झालेला. आमच्याकडे त्याला मांजऱ्या म्हणतात. पाणी धरतो तो हा भाग आणि खडकातल्या भेगा. त्याखालचा काळा पाषाण घट्ट, भेग नसेल तर त्यात पाणी शिरत नाही. मधली लाल माती पाण्याला खाली जाऊ देत नाही, म्हणून ते आडवं सरकतं. उन्हाळ्यात विहिरीत उतरून पाहिलं, तर नेमकं त्या लाल पट्ट्याच्या वरूनच पाझर येत होता. आमची विहीर मांजऱ्यातून गेली आहे. पलीकडच्या बोअरला भेग सापडली नाही. आणखी १०० फूट जाऊनही पाणी लागेलच याची काही खात्री नव्हती.

मग मी विचारलं, हे पाणी आडवं सरकतं तर ते माझं की शेजारणीचं? तुम्ही लिहिलंत, “हा प्रश्न आता माझ्या विषयाचा राहिला नाही,” आणि समाजशास्त्राच्या एका मोफत अभ्यासक्रमाची वाट दाखवलीत. तिथे एलिनॉर ऑस्ट्रॉम भेटल्या. गावं स्वतः नियम करून सामायिक पाणी, कुरण, जंगल सांभाळू शकतात हे त्यांनी जगभरची उदाहरणं तपासून दाखवलं. २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. वाचताना हिवरे बाजार डोळ्यांसमोर होतं. आमच्याच जिल्ह्यातलं गाव, पावसाचा हिशोब मांडून पिकं ठरवतं आणि शेतीसाठी बोअर घेऊ देत नाही. हे गाव मला आधीही माहीत होतं, पण ते काय करतंय ते आत्ता समजलं.

तुम्हाला या कामाचे वेगळे पैसे मिळत नसावेत. वर कोणी बघतही नसेल. तरी अनोळखी बाईसाठी रात्री कागद-पेन घेऊन बसणारी माणसं आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं. माझ्या शाळेत असे एक गुरुजी होते, सुट्टीतही अंगणात फळा टांगायचे. बाकी पदव्या, पाट्या, मोठमोठ्या इमारती खूप पाहिल्या.

तुमची आकृती मी मोठ्या कागदावर उतरवली आणि ग्रामसभेत लावली. नवीन बोअरचा विषय निघाला तेव्हा दोघांनी ती मागून घेतली. अजून ठराव झालेला नाही, पण निदान नशिबाच्या गोष्टी थांबल्या आहेत.

पुढच्या सत्रात मी संख्याशास्त्राला नाव घातलंय, कारण पावसाच्या नोंदी मला स्वतः मांडायच्या आहेत. हे पत्र तुम्हाला शिकवणाऱ्या सरांना जरूर दाखवा. त्यांच्या विद्यार्थिनीने, म्हणजे तुम्ही, काय केलं ते त्यांना कळू दे.

आपली कृतज्ञ,
पारनेर तालुक्यातली एक विद्यार्थिनी